शनिवारची पोरं

ड्राफ्टच्या शनिवारी पण लॅम्बोला, म्हणजे पॅकर्सच्या स्टेडियमला, जायचंय असं मी म्हटल्यावर नवरा म्हणाला, "आता काय उरलंय तिथे?" तसं त्याचं चूक नव्हतं. २०२५ चा एनएफएल ड्राफ्ट, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या टीमनी कॉलेजमधली पोरं निवडून घ्यायचा तीन दिवसांचा सोहळा, ग्रीन बेला होता, २४ ते २६ एप्रिल, आणि विस्कॉन्सिनमधल्या लाखभर वस्तीच्या त्या गावात एवढं पब्लिक लोटलं होतं की आमच्या ॲपल्टनपासूनचा पन्नासेक किलोमीटरचा रस्ता आषाढीला पंढरपूरच्या अलीकडे तुंबतो तसा तुंबला होता. गुरुवारी पहिली फेरी झाली, ग्रीन बेच्या पॅकर्सनी मॅथ्यू गोल्डनचं नाव घेतलं, २००२ नंतर पहिल्यांदाच पहिल्या फेरीत रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, आणि त्यावर घरच्या पब्लिकने जो कल्ला केला तो अजून कानात आहे. शुक्रवारी दुसरी-तिसरी फेरी. शनिवारी उरलेल्या चार. शनिवारी लोक येतात ते पोरांना फिरवायला, चीज कर्ड खायला, स्टेडियमसमोर फोटो काढायला. स्टेजवर नावं चालूच असतात, पण लक्ष कुणाचं नसतं.

माझं असतं. मी शनिवारवालीच आहे.

त्या दिवशी सुरुवातीलाच १०४ नंबरला जॅक्सनव्हिलने बेशूल टूटन घेतला आणि लगेच १०५ ला न्यूयॉर्कच्या जायंट्सनी कॅम स्कॅटबो. दोघंही रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारे, लागोपाठ, आणि एकमेकांच्या अगदी उलटे. टूटन ४० यार्ड ४.३२ सेकंदात पळालेला, पण हातातून बॉल सुटतो ही तक्रार कॉलेजपासूनची. स्कॅटबो ती ४० यार्डांची टेस्ट द्यायलाच गेला नव्हता, पण ॲरिझोना स्टेटकडून एका सीझनमधे १,७११ यार्ड पळून, वर ६०५ यार्डांचे पास झेलून, पीच बोल नावाच्या कॉलेजच्या मोठ्या मॅचमधे बाजूला जाऊन उलटी करून परत आत येऊन त्याने टेक्सासला डबल ओव्हरटाइमपर्यंत घाम फोडला होता. एक गाडी शोरूममधून आत्ताच काढलेली, दुसरी एसटी, खडखडते पण घाट चढते. मी तिथेच गवतावर बसून वहीत दोघांची पानं समोरासमोर केली. शेजारच्या काकांनी वाकून विचारलं की ही कुठली भाषा, मराठी म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि चीज कर्डचा कागदी द्रोण पुढे केला.

वही म्हणजे साधी दोनशे पानी, सांगलीहून आणलेली. तिच्यात मी एप्रिलमधे शनिवारच्या रनिंग बॅकना मार्क देते आणि तीन वर्षांनी ते पान परत उघडते. मधल्या काळात खाडाखोड करायची नाही एवढाच नियम. हा उद्योग का करते याचं पटेल असं कारण माझ्याकडे नाही, पण बारा-तेरा वर्षं करतेय आणि स्वतःच्या अकलेबद्दल जेवढं त्या वहीने शिकवलंय तेवढं एमटेकने नाही शिकवलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंड्यासारखा बॉल, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही गेलात तर बॉल समोरच्याचा. पुढे जायचे दोन रस्ते, फेकून किंवा पळून. पळून जायचं असेल तर बॉल रनिंग बॅकच्या पोटाशी देतात आणि तो दीडदीडशे किलोच्या माणसांच्या भिंतीत घुसतो. भिंतीत फट कुठे पडेल हे आधी ठरलेलं असतं, आणि पडते दुसरीकडेच. माझे बाबा इस्लामपूरला कबड्डी खेळायचे, त्यांना हे मी फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे चढाईच की. फक्त दम धरायचा नाही." मला तेव्हापासून दुसरी व्याख्या लागली नाही.

आणि ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधल्या पोरांना बत्तीस टीमनी सात फेऱ्यांत वाटून घेणं. पहिल्या फेरीतली पोरं सगळ्यांना माहीत असतात, त्यांना मार्क द्यायला मी कशाला हवी. शेवटच्या फेरीतली बरीचशी लॉटरी. मधली, म्हणजे तिसऱ्या फेरीच्या शेपटापासून पाचव्या-सहाव्यापर्यंतची, ही खरी अडचणीची. प्रत्येकात काहीतरी दमदार असतं आणि काहीतरी खटकणारं. वेग आहे पण हात ओले. हात पक्के पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सगळंच बरं आहे पण कॉलेज एवढं लहान की समोर खेळलं कोण हा प्रश्न. आणि रनिंग बॅकच्या बाबतीत टीमना या मधल्या फेऱ्यांचा मोह फार, कारण पूर्वी हाती लागलेलं घबाड कुणी विसरत नाही. टेरेल डेव्हिस डेन्व्हरला १९९५ मधे सहाव्या फेरीत १९६ नंबरला मिळाला आणि १९९८ ला २,००८ यार्ड पळून एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, झाला. तेव्हापासून दर एप्रिलला प्रत्येक टीमला वाटतं की आपला टेरेल डेव्हिस शनिवारी कुठेतरी सोफ्यावर फोनची वाट बघत बसलाय.

मला हे वेड लावलं शेजारच्या आजींनी. आम्ही २०११ ला इथे राहायला आलो, मी पेपर मिलच्या क्वालिटी लॅबमधे लागले, आणि त्या पण कुठल्याशा मिलमधूनच रिटायर झालेल्या, त्यामुळे पहिल्याच दिवशी कुंपणावरून टिश्यूच्या ग्रेडवर गप्पा. मी त्यांना तोंडावर आजीच म्हणते, अर्थ सांगितल्यावर त्यांनी तो शब्द ठेवून घेतला. त्यांच्या हॉलमधे पॅकर्सचा शेअर फ्रेम करून लावलाय, १९९७ ला २०० डॉलरला घेतलेला. डिव्हिडंड नाही, विकता येत नाही, आपल्याकडे देव्हाऱ्यात टाक असतात तसा तो नुसता आहे. या टीमला शेठ नाही, १९२३ पासून लोकांच्याच मालकीची, त्यामुळे आजी बोलताना "त्यांनी घेतला" असं कधी म्हणत नाहीत, "मी घेतला" म्हणतात.

आता वहीतलं पहिलं पान, आणि ते लाज आणणारं आहे.

२०१३ ला पॅकर्सनी दोन रनिंग बॅक घेतले. दुसऱ्या फेरीत एडी लेसी, चौथ्या फेरीत १२५ नंबरला यूसीएलए कॉलेजचा जोनाथन फ्रँकलिन. मी नवीन नवीन, यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ बघून पार पाघळले. लेसी म्हणजे पोत्यासारखा, फ्रँकलिन म्हणजे पाऱ्यासारखा. मी लिहिलं, "फ्रँकलिन लेसीला खाणार." सप्टेंबरमधे सिनसिनाटीच्या मॅचमधे त्याला संधी मिळाली आणि पठ्ठ्या १०३ यार्ड पळाला. मी फोनवर बाबांना दुपारी, म्हणजे त्यांच्या मध्यरात्री, उठवून सांगितलं. आणि त्याच मॅचच्या चौथ्या क्वार्टरमधे, इंचभर हवं होतं तेव्हा, त्याच्या हातून बॉल सुटला, तो समोरच्यांनी उचलून थेट टचडाउनला, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या रेघेपार, नेला, आम्ही ३४-३० हरलो. त्याच सीझनमधे त्याच्या मानेला लागलं आणि पुढच्या उन्हाळ्यात करिअर संपलं. एनएफएलमधे एकूण १९ वेळा बॉल हातात, १०७ यार्ड. त्यातले १०३ त्या एका दुपारचे. लेसी त्या वर्षी १,१७८ यार्ड पळून ऑफेन्सिव्ह रूकी ऑफ द इयर, म्हणजे चढाईच्या बाजूचा वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू.

आजींनी चेष्टा नाही केली. त्या म्हणाल्या, "तू बॉल बघत होतीस." मला वाटलं, मग काय बघायचं असतं?

हे समजायला लॅबमधला एक प्रसंग घडावा लागला. आमच्याकडे टिश्यूच्या रोलची पट्टी कापून मशीनमधे ओढून बघतात, किती जोराला तुटते ते. आकडा स्पेकमधे बसला की रोल पास. असे मी पास केलेले काही रोल एका गिऱ्हाईकाच्या लाइनवर गेले आणि सारखे फाटायला लागले, तासाला तीनतीनदा. मी परत पट्टी काढून टेस्ट केली, आकडा उत्तम. तिकडे परत फाटला. दोन महिने ईमेल चालले, रोलचा दोष की मशीनचा, आणि शेवटी निघालं असं की त्यांच्या मशीनवर ताण एका विशिष्ट जागी झटका देऊन यायचा आणि आमची टेस्ट हळूहळू ओढणारी. म्हणजे आकडा खरा होता, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला कम्बाइन भरतो तिथे पोरांची अशीच पट्टी ओढतात. ४० यार्ड किती सेकंदात, जागेवरून उडी किती इंच, जमिनीवर ठेवलेल्या तीन प्लास्टिकच्या कोनांभोवती वळायला किती वेळ. अंगावर पॅड नाहीत, समोर कोण नाही. २०१७ मधे तिथे बीवाययू कॉलेजचा जमाल विल्यम्स आला, ४० यार्ड ४.५९, उडी ३० इंच. आणि एल पासोचा, यूटेपचा ॲरन जोन्स, ४० यार्ड ४.५६, उडी साडेसदतीस इंच, तीन कोनांचं वळण ६.८२ सेकंद. सरळ पळण्यात दोघं सारखेच, पण वळण आणि उडीत जोन्स कितीतरी पुढे. विल्यम्स आपल्या कॉलेजच्या इतिहासात सगळ्यात जास्त यार्ड पळालेला, जोन्स त्याच्या. जोन्स उंचीने कमी, पाच फूट नऊ, आणि २०१५ चं जवळजवळ अख्खं वर्ष घोट्यामुळे बाहेर.

पॅकर्सनी काय केलं? दोघंही घेतले. वर तिसरा पण. २९ एप्रिल २०१७, शनिवार, चौथ्या फेरीत १३४ ला विल्यम्स, पाचव्यात १८२ ला जोन्स, सातव्यात २३८ ला डेव्हांटे मेज. एका दिवसात तीन रनिंग बॅक. तेव्हा टेड थॉम्पसन जनरल मॅनेजर होते, बाहेरून महागडे खेळाडू आणण्यापेक्षा ड्राफ्ट करा आणि घडवा या मताचा माणूस. लोक हसले. मला मात्र त्यात प्रामाणिकपणा दिसला, की बाबा आम्हाला कळत नाहीये यातला कोण, तर तिघांनाही बोलवतो आणि बघतो. लग्न ठरवताना असं करता येत नाही एवढंच.

मी वहीत विल्यम्सला वर ठेवलं. कारण तोवर आजींनी मला बॉल सोडून बघायला शिकवलं होतं आणि नवीन मुसलमान पाच वेळा नमाज म्हणतात तसं झालं होतं माझं. बॉल सोडून बघायचं म्हणजे काय, तर ब्लिट्झ. हे जरा थांबून सांगते कारण सगळी मेख इथे आहे. क्वार्टरबॅक बॉल घेऊन फेकायच्या बेतात उभा असतो. समोरचे कधीकधी एक माणूस जास्तीचा सोडतात, शंभर-एकशेदहा किलोचा लाइनबॅकर, पळत, आणि तो कुठून येणार ते शेवटपर्यंत लपवून ठेवतात. रनिंग बॅकच्या हातात तेव्हा बॉल नसतो. त्याने सेकंद-दीड सेकंदात ओळखायचं असतं की येणारा कोण, डावीकडचा की मधला, आणि त्याच्या वाटेत जाऊन त्याला छातीवर घ्यायचं. तेही उभं राहून नाही, थोडं आधी पुढे सरून, कंबर खाली ठेवून, हात आतल्या बाजूने. जागेवर थांबलात तर तो तुम्हाला उचलून क्वार्टरबॅकच्या मांडीत नेऊन ठेवतो. आजी रिमोट घेऊन एकच प्ले सहासहा वेळा मागे नेतात, "बघ, याचा उजवा पाय बघ, आधी मागे गेला. घाबरला." खरंच तेवढा वीतभर मागे गेलेला असतो. कॉलेजमधे कित्येक पोरांना हे फारसं करावंच लागत नाही, तिथे बॉल पटकन सुटतो आणि त्यांना पळायलाच ठेवलेलं असतं. आणि यात केलेल्या कामाचा कुठेही आकडा लागत नाही. पेपरात येत नाही. पण क्वार्टरबॅक वर्षाला कोट्यवधी डॉलर घेणारा असतो, त्याच्या पाठीत माणूस घुसला तर कोच पुढच्या प्लेला कोणाला बाकावर बसवणार हे सांगायला नको.

विल्यम्स हे काम मन लावून करायचा. जोन्सचं यात कच्चं होतं. म्हणून वहीत विल्यम्स आठ, जोन्स साडेसहा. मेजला काय दिलं ते सांगत नाही.

आजींनी वही बघितली आणि म्हणाल्या, एक रकाना राहिला. पाय, नजर, हात, अंगावर घेणं हे चार माझे होते. त्यांनी पाचवा सांगितला, "पुढे कोण उभं आहे?" म्हणजे रांगेत. मला तो रकाना फाउल वाटला, पोराला मार्क द्यायचेत की रांगेला? पण २०१७ च्या पॅकर्सची रांग बघा. पुढे उभा होता टाय माँटगोमरी, जो मुळात रिसीव्हर, अडचणीच्या वेळी रनिंग बॅक केलेला आणि ८८ नंबरचाच शर्ट घालून पळणारा. म्हणजे रांगच नव्हती म्हणा ना. चौथ्या मॅचला, शिकागोच्या बेअर्सविरुद्ध गुरुवारी रात्री, माँटगोमरीच्या बरगड्यांना लागलं, त्याच्या जागी विल्यम्स गेला तर त्याचा गुडघा, मग उरला कोण, १८२ नंबरचं पोरगं. त्या रात्री ४९ यार्ड आणि एक टचडाउन. पुढच्या मॅचला डॅलसमधे १९ वेळा बॉल दिला, १२५ यार्ड. दहा दिवसांत अख्ख्या विस्कॉन्सिनच्या तोंडी जोन्स. दोन माणसांना लागलं नसतं तर? तो चांगला नव्हता असं नाही हो, चांगला होताच, पण आपल्याला कळलं असतं का एवढंच म्हणतेय. अशी किती पोरं रांगेत उभ्या उभ्या संपली असतील ज्यांना "जमलं नाही" असं लिहून आपण पान उलटलं.

आणि ज्यांना संधी मिळते त्यांना पण ती कशी मिळते बघा. त्याच नोव्हेंबरमधे बाल्टिमोरविरुद्ध माणसं कमी पडली म्हणून मेजला आत सोडलं. पहिल्यांदा बॉल हातात दिला, सुटला. दुसऱ्यांदा दिला, तोही सुटला. आयुष्यातल्या पहिल्या दोन कॅरी आणि दोन्हींना फंबल. मी टीव्हीसमोर हात जोडून बसले होते, आजी उठून किचनमधे गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

जोन्सचं पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. २०१७ आणि २०१८ दोन्ही वर्षं तो दर कॅरीला साडेपाच यार्ड पळत होता आणि तरी त्याला बॉल कमीच मिळायचा, १३३ कॅरी अख्ख्या २०१८ मधे, आणि इथे सलूनमधे, चर्चमधे, आमच्या कँटीनमधे सगळे कोचच्या नावाने बोटं मोडायचे. मग २०१९ ला मॅट लफ्लूर कोच म्हणून आले आणि त्यांनी जो पळायचा प्रकार आणला त्यात पुढची सगळी भिंत आडवी सरकते, बॅक तिच्यामागून समांतर पळतो, फट दिसली की एकच वळण आणि आत. एकच वळण. तीन कोनांभोवती ६.८२ सेकंदात वळलेला पोरगा. त्याची पट्टी आता योग्य मशीनवर लागली होती.

त्या वर्षी आई-बाबा आले होते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आजींच्या हॉलमधे आम्ही सगळे, डॅलसची मॅच, आईने साबुदाणा वडे केलेले आणि आजी ते रँच सॉसमधे बुडवून खात होत्या, आईने एकदा बघितलं आणि नंतर तिकडे बघायचं सोडून दिलं. बाबा पहिल्या अर्ध्या तासात कंटाळले, सारखे थांबतात काय म्हणाले. मग जोन्सचं एक पळणं बघून पुढे सरकून बसले. "हा घाई करत नाही. साखळी तुटायची वाट बघतोय." मी ते आजींना इंग्रजीत सांगितलं. आजी बाबांकडे असं बघायला लागल्या की जणू ड्राफ्टमधे त्यांना बाबाच सापडलेत. त्या दिवशी जोन्सने चार टचडाउन केले, आणि एकात तर पाठलाग करणाऱ्या डॅलसच्या खेळाडूला पळता पळता हाताने टाटा केला, पंधरा यार्डांची पेनल्टी बसली. बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "टाटा केला की रं त्यानं!" पुढे दोन दिवस बाबा फिरायला जाताना आजींना कुंपणावरून तसाच टाटा करायचे.

२०१९ ला १६ रशिंग टचडाउन, २०२० ला १,१०४ यार्ड. माझ्या साडेसहा मार्कांचं काय झालं ते तुम्ही बघताय.

पण विल्यम्सच्या आठ मार्कांचं पान मी एवढ्यात बंद करू देणार नाही. तो चार वर्षं ग्रीन बेला जोन्सची सावली होऊन राहिला, ब्लिट्झ अंगावर घेत, बाजूला उभा राहून नाचत, आणि २०२१ ला डेट्रॉइटला गेला. २०२२ मधे त्याने १७ रशिंग टचडाउन केले, अख्ख्या लीगमधे सगळ्यात जास्त, बॅरी सँडर्सचा १९९१ चा १६ चा टीम रेकॉर्ड मोडला. आणि कुठे मोडला? लॅम्बोवर, सीझनच्या शेवटच्या रात्री, जानेवारी २०२३, आम्ही जिंकलो असतो तर प्लेऑफमधे गेलो असतो, हरलो २०-१६. मॅच संपल्यावर कॅमेऱ्यासमोर तो आपल्या वारलेल्या पणजोबांसाठी हमसून हमसून रडत होता. मी आणि आजी, टीम हरलेली, आणि आम्ही दोघी पण रडतोय ते हरल्याबद्दल नाही. आजी म्हणाल्या, "मी घेतला होता त्याला." बरोबरच आहे, शेअर आहे त्यांचा.

म्हणजे आता हिशेब काय? तीन वर्षांनी पान उघडायचं हा माझा नियम, त्याप्रमाणे २०२० ला विल्यम्स नापास. सहा वर्षांनी उघडलं असतं तर फर्स्ट क्लास. नियम बदलावा का यावर मी बरेच दिवस विचार केला, पण गंमत अशी की टीमसुद्धा जास्त थांबत नाहीत. ड्राफ्ट झालेल्या पोराचं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, पैसा २०११ च्या करारापासून नंबरप्रमाणे जवळजवळ ठरलेला. पहिल्या फेरीतल्याला निदान पाचव्या वर्षाचा ऑप्शन तरी. शनिवारच्या पोराला पायातलं जे काय आहे ते या चार वर्षांत स्वस्तात द्यायचं, आणि रनिंग बॅकच्या पायात असतंच किती? दर आठवड्याला वीस वेळा भिंतीत जाणारा माणूस अठ्ठाविसाव्या वर्षी म्हातारा म्हणतात. म्हणूनच टीम पहिल्या फेरीत बॅक घ्यायला बिचकायला लागल्या, २०१३ आणि २०१४ ला तर एकही गेला नाही. शनिवारी भागतं ना. मला यात चीड आहे आणि मी स्वतः त्याच शनिवारच्या बाजारात वही घेऊन बसते हे पण आहे.

जोन्सला त्यातल्या त्यात मिळालं. २०२१ ला चार वर्षांचा ४८ मिलियनचा करार. त्याच वर्षी त्याचे वडील कोविडने गेले, त्यांची रक्षा लॉकेटमधे घालून तो खेळायचा, सप्टेंबरमधे डेट्रॉइटच्या मॅचला चार टचडाउन करताना ते लॉकेट एंड झोनमधे, मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, पडलं आणि टीमच्या ट्रेनरने मध्यरात्र उलटून गेल्यावर, पावणेदोनला, शोधून काढलं. ग्रीन बेचं आणि त्याचं असं नातं होतं. २०२३ ला त्याने पगार कमी करून घेतला. त्या सीझनच्या शेवटी सलग पाच मॅचमधे शंभराच्या वर पळाला, त्यातल्या दोन प्लेऑफच्या. मार्च २०२४ मधे परत पगार कमी कर म्हणाले, तो नाही म्हणाला, सोडलं. त्याच्या जागी जॉश जेकब्स आणला, चार वर्षं, ४८ मिलियन. तोच आकडा! जेकब्सने काम चोख केलं, पहिल्याच वर्षी १,३२९ यार्ड, तक्रार नाही. जोन्स गेला मिनेसोटाला, म्हणजे आमच्या सख्ख्या वैऱ्याकडे, आणि तिथे १,१३८ यार्ड, आयुष्यातले सगळ्यात जास्त. आजींनी त्याचा ३३ नंबरचा हिरवा शर्ट काही कपाटात ठेवला नाही, मिनेसोटाच्या मॅचला सुद्धा तोच घालून बसल्या आणि दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवल्या.

जेकब्स आल्यावर पुढच्याच महिन्यात ड्राफ्टला पॅकर्सनी तिसऱ्या फेरीत ८८ नंबरला यूएससीचा मारशॉन लॉइड घेतला. (परत ८८. माँटगोमरीचा शर्ट. मी अंधश्रद्धाळू नाही, पण नोंद केली.) पाय नऊ, असा पाय मी वहीत आजवर कुणालाच दिलेला नाही. नजर सहा, हात पाच, अंगावर घेणं चार. पुढे कोण, जेकब्स. पहिल्या सीझनमधे कधी हिप, कधी हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू), कधी घोटा, आणि सगळं बरं होऊन परत यायच्या वेळी अपेंडिक्स. एकच मॅच खेळला, ६ कॅरी, १५ यार्ड. २०२५ च्या ऑगस्टमधे प्रीसीझनला इंडियानापोलिसमधे एक सुंदर पास झेलला, मी उठून उभी राहिले, आणि तो मांडी धरून. परत हॅमस्ट्रिंग. आणि हे असं फक्त आमच्याकडेच नाही, त्या शनिवारचा १०५ नंबरचा स्कॅटबो, ज्याला मी एसटी म्हटलं, त्याने ऑक्टोबरमधे फिलाडेल्फियाविरुद्ध एका मॅचमधे तीन टचडाउन केले, न्यूयॉर्क त्याच्या प्रेमात पडलं, आणि अडीच आठवड्यांनी त्याच फिलाडेल्फियासमोर त्याचा घोटा निखळला. त्याच्या पानावर मी अजून काहीच लिहिलेलं नाही.

लॉइडला लागलं त्या रात्री आजी वही मागून चाळत बसल्या. आता त्यांना मराठी आकडे वाचता येतात, आठ आणि सहा शिकायला थोडा त्रास झाला. म्हणाल्या, "इमॅन्युएल विल्सन कुठेय?"

इमॅन्युएल विल्सन म्हणजे फोर्ट व्हॅली स्टेट नावाच्या जॉर्जियातल्या छोट्या कॉलेजचा पोरगा. २०२३ च्या ड्राफ्टमधे सातही फेऱ्यांत त्याचं नाव आलं नाही. कुणी गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही, शनिवारी पण नाही. आणि २०२४ मधे लॉइड बाहेर असताना जेकब्सच्या मागे उभा राहून याने १०३ कॅरी घेतल्या, ५०२ यार्ड. माझ्याकडे त्याचं पानच नव्हतं. कारण वहीत पान नंबरप्रमाणे लागतं आणि त्याला नंबरच नाही.

"मग घाल आता."

"आजी, एप्रिलमधे लिहायचं असतं. आता लिहिलं तर ती चीटिंग."

त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला. मी लॉइडच्या समोरचं कोरं पान घेतलं, वर नाव लिहिलं, नंबरच्या जागी रेघ मारली. पाय सहा, नजर सात, हात सात. अंगावर घेणंला मी पाच लिहायला गेले तर आजींनी रिमोट उचलला आणि मागचा सीझन रेकॉर्डिंगमधून शोधायला लागल्या. त्यात पावणेअकरा वाजले.